झिजलेला लँडिंग गिअर: चाक काढण्याआधी खाली बसून बघा

विमान तपासणीसाठी हँगरमध्ये आलं की मी आधी कुणालाही त्याच्या चाकांजवळ पाणी नेऊ देत नाही. नवीन आलेली मुलं उत्साहानं बादली आणि चिंध्या घेऊन धावतात, हेतू चांगलाच असतो. पण लँडिंग गिअरवर, म्हणजे चाकं आणि त्यांच्या पायांवर, साचलेली घाण मला आधी वाचायची असते. लाल तेलाचा ओघळ नेमका कुठून सुरू झालाय, बोल्टच्या डोक्याभोवती काळी भुकटी आहे की तांबूस, चाकाच्या आतल्या कडेला ग्रीस उडालंय का, ब्रेकची धूळ एकाच बाजूला जास्त का. ॲल्युमिनियमचे दोन भाग एकमेकांवर घासले की काळी भुकटी निघते, पोलाद घासलं की गंजासारखी तांबूस. दोन्हीचा अर्थ एकच, जे घट्ट असायला हवं ते हलतंय. एकदा धुतलं की हा पुरावा गेला.

मी लहान विमानांची देखभाल करते, त्यातही शिकाऊ वैमानिकांची विमानं जास्त. म्हणजे मुख्यतः सेस्ना १७२ आणि पायपर चेरोकी. शिकाऊ विमानाचा गिअर एका सकाळीत जितक्या वेळा जमिनीला टेकतो तितका खासगी मालकाचा महिन्याभरातही टेकत नाही, त्यामुळे झीज कशी दिसते हे मी पोटभर पाहिलंय. त्यातून एक गोष्ट पक्की शिकले: झिजलेला भाग बदलणं सोपं असतं, तो का झिजला हे शोधणं हे खरं काम. ते न करता बदललेला नवा भाग जुन्याच्याच वाटेनं जातो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. यातलं कुठलं काम कुणी करायचं हे विमान ज्या देशात नोंदलेलं आहे तिथल्या नियमांवर ठरतं. टायर बदलणं, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरणं, स्ट्रटमध्ये, म्हणजे धक्का झेलणाऱ्या नळीत, तेल-हवा घालणं एवढं अमेरिकेत परवाना असलेल्या मालक-वैमानिकाला स्वतः करता येतं. गिअरचा पाय उतरवणं, स्ट्रट खोलणं, अलाइनमेंट म्हणजे चाकं सरळ रेषेत आणणं, ही परवानाधारक इंजिनिअरची किंवा त्याच्या देखरेखीखालची कामं. आणि काम कुणीही करो, त्या मॉडेलचं, त्या सिरियल नंबरचं मॅन्युअल शेजारी उघडं हवं. मी खाली जे आकडे देते ते अंदाज यावा म्हणून. बोल्ट आवळताना शब्द मॅन्युअलचाच.

विमान चाकांवर उभं असताना

समोर दहा पावलांवर जा आणि उकिडवे बसा. दोन्ही पंख सारखे आहेत का? एक पंख झुकलेला असेल तर लगेच स्ट्रटला दोष देऊ नका, आधी दोन्ही टाक्यांतलं इंधन बघा. ते सारखं असेल तर पंख हलक्या हातानं वरखाली हलवा, कारण स्ट्रट कधीकधी सीलच्या घर्षणानं अडकून बसतो आणि खोटी उंची दाखवतो. मग मोजा. चेरोकीच्या तिन्ही पायांना ओलिओ, म्हणजे तेल-हवेचे, स्ट्रट असतात. इंधन-तेल भरून, आत कुणी बसलेलं नसताना, मागच्या दोन्ही पायांवर साधारण साडेचार इंच आणि पुढच्यावर सव्वातीन इंच, स्ट्रटच्या आतल्या नळीचं चकचकीत क्रोम दिसायला हवं. सेस्ना १७२ ला ओलिओ फक्त पुढे असतो आणि त्यात ४५ पीएसआय दाब भरायचा असतो, तोही चाक हवेत उचललेलं असताना. जमिनीवर वजन असताना मोजलेला दाब कामाचा नाही.

आता इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ओलिओत खाली तेल आणि वर दाबाखालची हवा किंवा नायट्रोजन असतो. हवा विमानाला उचलून धरते, धक्का मात्र तेल पचवतं. विमान टेकलं की तेल एका लहान छिद्रातून जबरदस्तीनं ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद तिथे उष्णतेत जिरते. स्ट्रट बसलेला दिसला की कुणीतरी हवा भरतं. उंची येते, विमान छान दिसतं. पण तेल गळून गेलं असेल तर आत धक्का पचवायला काहीच उरलेलं नसतं. पुढच्या जड लँडिंगला स्ट्रट तळाला आपटतो आणि तो ठोसा थेट विमानाच्या सांगाड्याला बसतो. म्हणून एकदा हवा भरली आणि आठवड्यात स्ट्रट पुन्हा बसला तर दुसऱ्यांदा नुसती हवा भरू नका. तेलाची पातळी बघा.

शेपटीजवळ, जिथे मॅन्युअल परवानगी देतं तिथेच, खाली दाबून सोडा. पुढचा स्ट्रट वर येऊन सावकाश खाली बसला पाहिजे. धप्पकन बसला तर तेल कमी. वर आला आणि तिथेच राहिला तर आत काहीतरी घासतंय किंवा नळी वाकलीय.

मग टायर. खोबणीचा तळ एका ठिकाणी जरी पृष्ठभागाला मिळाला तरी तो टायर उतरवायचा, बाकी कितीही चांगला दिसो. दोरे दिसू लागले असतील तर ते विमान आज उडत नाही. पण उतरवण्याआधी झिजेचा आकार लिहून ठेवा. दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी राहत होती, मधला पट्टा झिजला म्हणजे जास्त. एकाच जागी सपाट चकती पडली असेल तर कुणीतरी टेकताना ब्रेकवर पाय ठेवून होतं, हे त्या वैमानिकाच्या शिक्षकाला सांगायलाच हवं. सेस्नाच्या मागच्या टायरची बाहेरची कडा जास्त झिजते याचं कारण पायाच्या बांधणीत आहे: वजन कमी असलं की स्प्रिंगचे पाय आत वळतात, चाकं वरच्या बाजूनं बाहेर झुकतात आणि बाहेरच्या कडेवर चालतात. एकट्या विद्यार्थ्यानं उडवलेल्या विमानात हे ठळक दिसतं. टायर बाकी ठीक असेल तर तो रिमवर उलटा बसवून उरलेली कड वापरता येते. पण दोन बाजूंची झीज वेगवेगळी असेल, डावा आतून आणि उजवा बाहेरून, तर अलाइनमेंट बघितल्याशिवाय नवा टायर चढवू नका.

थरथरणारं पुढचं चाक

हे मी स्वतः चुकून शिकले. एका विमानाच्या नोंदीत वैमानिकांनी तीनदा लिहिलं होतं, टेकल्यावर पुढचं चाक थरथरतं. पायाखाली पेडल्स बडवल्यासारखी हलतात. याला शिमी म्हणतात, आणि शिमी रोखायला सेस्नाच्या पुढच्या पायावर एक छोटा डॅम्पर असतोच. मी तो बदलला. थरथर गेली, मला समाधान वाटलं. दोन-तीन आठवड्यांत ती परत आली, आधीपेक्षा जास्त.

या वेळी मी पुढचं चाक उचललं, जमिनीवर बसले आणि टायर दोन्ही हातांत धरून हळूच डावी-उजवीकडे पिळला. स्ट्रटच्या वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी कात्री असते, टॉर्क लिंक. तिच्या मधल्या सांध्यावर मी सहकाऱ्याला बोट ठेवायला सांगितलं. चाक पिळलं की त्याच्या बोटाला टक् असा ठोका लागत होता. डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. सांधा खोलला तेव्हा आतल्या बुशचं, म्हणजे बोल्टभोवतीच्या धातूच्या नळकांड्याचं, भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. मग बुश का झिजले म्हणून पुढे शोधलं. टायरवर सपाट चकती होती आणि चाकाचा तोल गेलेला. तोल गेलेलं चाक प्रत्येक लँडिंगला बुशांना हातोडीसारखं ठोकत होतं. नव्या डॅम्परनं ते दोन आठवडे झाकून ठेवलं, एवढंच.

तेव्हापासून शिमीची तक्रार आली की माझा क्रम ठरलेला आहे: टायर आणि त्याचा तोल, मग चाकाचं बेअरिंग, मग टॉर्क लिंकचे बुश आणि शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या), मग स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं, आणि शेवटी डॅम्पर. डॅम्पर काढून हातानं ओढा-ढकला. दोन्ही दिशांना सारखा, मऊसर विरोध लागला पाहिजे. मध्येच दांडा सैल पळाला तर आत तेल कमी आहे.

उचलताना

जॅकबद्दल थोडक्यात पण गंभीरपणे. हँगरचे दरवाजे बंद, वाऱ्याची झुळूकही नको, विमानात कुणी नाही, खालची फरशी सपाट. चेरोकी पंखांखालच्या जॅक-पॉइंटवर उचलतात आणि शेपटीला वजन भरलेला स्टँड बांधतात, नाहीतर विमान नाकावर येतं. सेस्नाचा एकच मागचा पाय उचलायचा असेल तर एक खोड लक्षात ठेवा. पाय स्प्रिंगचा असल्यामुळे वजन सुटलं की चाक आतल्या बाजूला सरकतं आणि जॅक तिरका होऊ लागतो. तिरका जॅक तसाच वर घेत राहू नका. खाली घ्या, सरळ लावा, पुन्हा उचला. आणि दोन्ही पाय अशा पद्धतीनं एकाच वेळी कधीच नाही.

चाक आणि बेअरिंग

एक्सलच्या नटला हात लावण्याआधी टायरची हवा पूर्ण सोडा आणि व्हॉल्व्हमधली सुई काढून खिशात ठेवा. पुन्हा सांगते, पूर्ण. लहान विमानाची रिम दोन अर्ध्या भागांची असते, बोल्टांनी एकत्र धरलेली. त्यातला एखादा बोल्ट आधीच तुटलेला असेल तर भरलेल्या टायरमध्ये नट सुटताच रिमचे दोन तुकडे स्फोटासारखे उडतात. माणसं यात मेली आहेत. सुई खिशात असली की टायरमध्ये हवा नाही याची खात्री तुमच्याजवळच राहते.

नट अडवून धरणारी स्प्लिट पिन काढा, फेकून द्या, पुन्हा वापरू नका. चाक बाहेर आलं की बेअरिंग सॉल्व्हंटमध्ये धुवा आणि दाबाच्या हवेनं वाळवताना ते फिरू देऊ नका. शिट्टीसारखा आवाज येतो म्हणून मुलांना ते फिरवायला आवडतं, पण कोरडं बेअरिंग त्या वेगानं फिरलं की रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो. वाळलं की खिडकीजवळ या. बॅटरीच्या झोतापेक्षा दिवसाचा तिरका उजेड चांगला. एकेक रोलर अंगठ्यानं फिरवत बघा. चांगला रोलर एकसारखा करडा, रेशमासारखा चमकतो. पाण्याचा डाग रोलरच्या लांबीइतक्या बारीक काळ्या रेषेसारखा दिसतो, विमान बरेच दिवस एकाच जागी उभं राहिलं आणि आत ओल गेली की अशा रेषा रोलरांच्या अंतरानं कपवर, म्हणजे रोलर ज्या बाहेरच्या कड्यात फिरतात त्यावर, उमटतात. निळसर किंवा तपकिरी झाक म्हणजे बेअरिंग तापलं होतं. पृष्ठभागाचा टवका उडाला असेल तर मग प्रश्नच नाही. डोळ्यांना शंका आली तर नखाचं टोक रेषेवरून आडवं फिरवा. नख अडलं की बेअरिंग बाद, आणि कपही सोबतच बाद. रोलर नवे आणि कप जुना अशी जोडी लावू नका. कप बसवताना रिमचा तो भाग गरम करून आणि कप थंड करून बसवतात, ठोकून नाही.

ग्रीसचा डबा बदलताना सांभाळा. एरोशेल २२ मातीच्या आधाराचं असतं, मोबिल एव्हिएशन एसएचसी १०० लिथियमच्या आधाराचं. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पण एकत्र केली की घट्टपणा जातो आणि ग्रीस पातळ होऊन ब्रेकवर उडतं. म्हणून जुनं ग्रीस पूर्ण धुतल्याशिवाय नवं भरायचं नाही. भरताना तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या कडेनं रोलरांच्या मधून ग्रीसचे बारीक किडे बाहेर येईपर्यंत.

नवा टायर चढवताना आत टाल्कम पावडर हलकी फिरवा, ट्यूब सुरकुतणार नाही. टायरवरचा लाल ठिपका म्हणजे त्याची हलकी बाजू, ट्यूबवरची पिवळी रेघ म्हणजे तिची जड बाजू. दोन्ही एकाच जागी, एकमेकांना लागून आणा. ट्यूबवर रेघ नसेल तर ठिपका व्हॉल्व्हपाशी. रिम जोडताना दोन अर्ध्यांमध्ये ट्यूब चिमटली नाही ना हे बोट फिरवून बघा. बोल्टचा टॉर्क बहुतेक चाकांवर लेबलवर छापलेला असतो. तो इंच-पाउंडमध्ये असतो हे वाचा. इंच-पाउंड आणि फूट-पाउंडमध्ये बारा पटींचा फरक आहे, आणि दोन्ही प्रकारचे पाने एकाच ट्रॉलीत पडलेले असतात. हवा भरा, सोडा, पुन्हा भरा म्हणजे ट्यूब नीट पसरते. नवा टायर पहिल्या दिवशी ताणला जाऊन दाब उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा. नायट्रोजन वापरत असाल तर बाटलीला रेग्युलेटर हवाच. भरलेल्या बाटलीतला दाब दोन हजार पीएसआयच्या वर असतो.

एक्सलचा नट आवळताना चाक हातानं फिरवत राहा म्हणजे रोलर कपात बसतील. मग थोडा सैल करा, मग मॅन्युअल सांगेल तितका पुन्हा घ्या, साधारणपणे चाक मोकळं फिरतंय पण बाजूला हलत नाही इतपत. नवी पिन.

ब्रेकवर फार वेळ घालवत नाही. क्लीव्हलँड या ब्रँडच्या नेहमीच्या ब्रेकवर लायनिंग, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, ०.१०० इंचापर्यंत, म्हणजे अडीच मिलिमीटरपर्यंत, उतरलं की बदलायचं. डिस्कवर नख अडेल अशी खाच आहे का, ती किमान जाडीच्या खाली गेली का ते बघा. नवं लायनिंग बसवल्यावर त्याला बसायला द्यावं लागतं. ते कसं करायचं हे लायनिंगच्या प्रकारावर ठरतं, पण ते केल्याशिवाय विमान सोडू नका, नाहीतर पहिल्याच जोरदार ब्रेकला लायनिंग जळून खराब होऊ शकतं. लाइनमधली हवा काढताना खालून वर तेल ढकला, बुडबुडे आपोआप वरच जातात.

स्ट्रट खोलणं

लाल ओघळ स्ट्रटच्या खालच्या तोंडातून येत असेल तर सील गेलं आहे. तो वरून, हवेच्या व्हॉल्व्हजवळून येत असेल तर आधी तोच बघा, सगळा स्ट्रट खोलायची गरज नसते.

खोलायचाच असेल तर नाक उचला आणि स्ट्रटची हवा सोडा. आधी व्हॉल्व्हची सुई दाबून फुस्स थांबेपर्यंत, मगच सुई काढा. टॉर्क लिंक नंतर. आत दाब असताना टॉर्क लिंक सोडली तर खालची नळी चाकासकट तोफेच्या गोळ्यासारखी बाहेर येते, कारण तिला आत धरून ठेवणारं दुसरं फारसं काही नसतं. खाली पसरट भांडं ठेवा. सेस्नात वरच्या नळीच्या खालच्या टोकाला आत एक लॉक रिंग असते. ती ढकलून काढायला त्या खोबणीवर बाहेरून एक बारीक छिद्र ठेवलेलं आहे. पुष्कळ जण ते न बघता स्क्रूड्रायव्हरनं खणत बसतात आणि नळीवर ओरखडा पाडतात. रिंग निघाली की सरळ झटका देऊन नळी ओढा. तेल सांडेल. त्याचा रंग बघा: लाल असेल तर ठीक, काळपट किंवा दुधाळ असेल तर आत धातू घासलाय किंवा पाणी शिरलंय.

आतल्या रिंगा, वॉशर, शिम ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं स्वच्छ कागदावर ओळीनं ठेवा, वरची बाजू वर. फोन असेल तर फोटो काढा, तरीही कागद ठेवा.

आता क्रोमच्या नळीबद्दल. एका विमानाचा पुढचा स्ट्रट महिन्याभरात दोनदा गळला, दोन्ही वेळा नवी सीलं घातलेली. तिसऱ्यांदा नळी हातात घेतली तेव्हाही ती आरशासारखीच दिसत होती. मला शिकवणाऱ्यांनी कापसाचा बोळा आणायला सांगितला. तो नळीवर हलका धरून वरपासून खालपर्यंत फिरवला. खालून तिसऱ्या हिश्श्यात, पुढच्या बाजूला, कापसाचा एकच तंतू अडकून ताठ उभा राहिला. तिथे तिळाहून लहान खाच होती. पुढच्या चाकानं उडवलेल्या खडीचा एक खडा. स्ट्रट वरखाली झाला की ती खाच दर वेळी ओ-रिंगवरून, म्हणजे सीलच्या रबरी कड्यावरून, कानशीसारखी जात होती. एवढीशी खाच क्रोमच्या आरपार गेली असेल तर घासून उपयोग नसतो. आम्ही नळी बदलली, गळती थांबली. तुम्हीही सील बदलण्याआधी कापूस फिरवा. आणि रोज उड्डाणाआधी उघड्या क्रोमवरची धूळ स्ट्रटच्याच तेलात ओलसर केलेल्या फडक्यानं पुसा. कोरड्या फडक्यानं वाळूचे कण क्रोमवर रगडले जातात.

ओ-रिंगच्या पाकिटावर भाग क्रमांक आणि तारीख असते, दोन्ही वाचा. लहान विमानांच्या स्ट्रटमध्ये लाल रंगाचं खनिज तेल असतं, एमआयएल-एच-५६०६ या नावानं ओळखलं जाणारं, आणि त्याला नायट्राइल रबराच्या रिंगा चालतात. मोठ्या प्रवासी विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत स्कायड्रॉल नावाचं वेगळं तेल वापरतात, त्याची रिंग दिसायला अगदी तशीच काळी, पण या तेलात ती फुगते. हातात घेऊन फरक कळत नाही, पाकिटच खरं. रिंग चढवण्याआधी नळीच्या आट्यांवर आणि धारदार कडांवर पातळ टेप गुंडाळा, रिंग तेलात बुडवा आणि बोटांनी सरकवा. लोखंडी टोकाचं काही वापरू नका. बसल्यावर ती पिळली गेली नाही ना हे भोवती बोट फिरवून बघा.

भरताना स्ट्रट पूर्ण दाबून बसवा, व्हॉल्व्हच्या भोकातून तेल काठोकाठ घाला, मग सावकाश ताणा आणि सावकाश दाबा. बुडबुडे येतील. पुन्हा भरा. चार-पाच वेळा तरी. घाई केली तर तेलात अडकलेली हवा नंतर वर येते आणि पातळी खोटी ठरते. मग व्हॉल्व्ह, मग दाब. टॉर्क लिंक जोडताना शिम जिथल्या तिथे, नवी पिन, आणि ग्रीसच्या निपलमधून ताजं ग्रीस दोन्ही कडांतून बाहेर दिसेपर्यंत.

पाय

सेस्नाचा मागचा पाय म्हणजे एक स्प्रिंग. ही कल्पना स्टीव्ह विटमन या अमेरिकन शर्यतपटू वैमानिकाची. जुन्या १७२ ला सपाट पट्टीचा पाय असे, १९७१ च्या मॉडेलपासून गोल निमुळती नळी आली. दोन्हींत हलणारा सांधा नाही, गळणारं तेल नाही, म्हणून लोक त्याकडे बघतच नाहीत. पण उच्च ताकदीच्या पोलादाला गंजाचा खड्डा सोसत नाही. दर लँडिंगला पाय वाकतो, ताण त्या खड्ड्याच्या टोकाशी गोळा होतो आणि तिथून तडा सुरू होतो. रंगाचा पोपडा निघालाय, पायरी चिकटवलीय, ब्रेकची नळी पट्ट्यानं बांधलीय, अशा जागा सोलून बघा, ओल तिथेच बसते. वरवरचा गंज मॅन्युअलच्या मर्यादेत घासता येतो. पण पायाचा पृष्ठभाग मुद्दाम छर्‍यांनी ठोकून मजबूत केलेला असतो, तो थर गेला की पाय गेला. त्याला भोक पाडणं किंवा वेल्ड करणं तर कधीच नाही. संशय आला की तार-ब्रश मारू नका, त्यानं धातू सरकून तड्याचं तोंड बंद होतं. रंग रसायनानं काढा, १० पट भिंगातून बघा, मग मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीला, म्हणजे चुंबक आणि लोखंडी कणांनी तडा दाखवणाऱ्या तपासणीला, द्या.

पाय बदलायचा तर आत फरशीखालचं झाकण उघडून आतल्या टोकाचा बोल्ट काढावा लागतो. त्याआधी ब्रेकची लाइन सोडा, चाक आणि एक्सल उतरवा. एक्सल आणि पायाच्या मध्ये पाचरीसारख्या तिरक्या शिम असतात. कुठली शिम कुठे, जाड बाजू कुणीकडे, हे काढण्याआधी मार्करनं लिहा. ज्या घडीव भागात पाय बसतो त्याचं भोक लांबट झालंय का, कडेला काळी भुकटी आहे का, हे पाय बाहेर असतानाच दिसतं. पुन्हा संधी मिळत नाही.

बसवल्यावर अलाइनमेंट. प्रत्येक मागच्या चाकाखाली ॲल्युमिनियमचे दोन पत्रे, दोघांमध्ये भरपूर ग्रीस. विमान त्यावर उभं करा आणि शेपटी थोडी हलवा. चाकं त्या घसरत्या पत्र्यांवर आपली खरी जागा घेतात, नाहीतर जमिनीची पकड त्यांना वाकडं धरून ठेवते. मग दोन्ही टायरच्या पुढे एक्सलच्या उंचीवर सरळ पट्टी आडवी धरा, तिला काटकोन लावून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजा. फरक मर्यादेबाहेर असेल तर शिम बदलून पुन्हा. हे करायला अर्धा दिवस जातो. टायर त्याची परतफेड करतो.

जड लँडिंगची नोंद असेल तर गिअरपाशी थांबू नका. नाकावर टेकलेल्या १७२ मध्ये इंजिनामागची फायरवॉल, जिथे पुढचा पाय जोडलेला असतो, तिथे सुरकुती पडते. इंजिनाचं आवरण काढून पेडल्सच्या बाजूनंही बघा, रिव्हेटांभोवती धुरकट कडं आहे का. प्रोपेलरचं टोक जमिनीला लागलं असेल तर ती इंजिनाची वेगळी तपासणी. गिअर आत घेणारी विमानं असतील तर वरचं सगळं करून झाल्यावर जॅकवर गिअर पूर्ण आत-बाहेर करून बघायचा, दिवे, भोंगा आणि हातानं उतरवायची आणीबाणीची पद्धत धरून. पायपरच्या अशा मॉडेल्समध्ये पायाला बाजूनं आधार देणाऱ्या साइड ब्रेसच्या स्टडला आणि सेस्नाच्या अशा मॉडेल्समध्ये मागच्या पायाच्या पिव्हटला तडे जाण्याचा इतिहास आहे, तिथे भिंग आणि डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणारं रंगीत द्रव, घेऊनच जा.

सगळं झालं की आवळलेल्या प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत टॉर्क सीलची, म्हणजे सुकून ठिसूळ होणाऱ्या रंगाची, एक रेघ ओढा. नट हलला तर रेघ तुटते, आणि पुढच्या माणसाला ते लांबूनच दिसतं. नोंदवहीत जुन्या आणि नव्या भागांचे क्रमांक लिहा, आणि झिजेचं कारण एका ओळीत. मग विमान जॅकवरून उतरवून प्रत्येक चाकाखाली आणि स्ट्रटखाली पांढरा पुठ्ठा सरकवा आणि घरी जा. सकाळी हँगर उघडल्यावर मी आधी पुठ्ठे बघते, मग स्ट्रटची उंची मोजते, मग टायरचा दाब. पुठ्ठ्यावर एक जरी लाल थेंब असला तरी विमान बाहेर निघत नाही. कोरडा असला तर टॅक्सी, ब्रेक, एक लहान उड्डाण, आणि दहा तासांनी पुन्हा त्याच रेघा बघायला खाली बसायचं.